१ जूनला जन्मलेली माणसं

पत्र पिंपरी-चिंचवडमधून आलं आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. लिहिणारे ४१ वर्षांचे, भोसरीतल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. घरातली ही चौथी ख्रिस्ती पिढी: पणजोबांनी नगर जिल्ह्यात बाप्तिस्मा घेतला, आजोबा नोकरीसाठी खडकीला आले. यांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, कन्फर्मेशन (तो विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करण्याचा विधी) सोळाव्या वर्षी, आणि लग्नही त्याच देवालयात, म्हणजे चर्चमध्ये. दोन वर्षांपूर्वी वडील वारले. हॉस्पिटलातल्या त्या दिवसांत कंपनीतल्या एका मित्राच्या फेलोशिपमधले (वेगळ्या प्रार्थनामंडळीतले) भाऊ आळीपाळीने रात्री थांबले. तेव्हापासून हे तिथे जाऊ लागले. सहा महिन्यांपूर्वी तिथल्या पुढाऱ्यांनी विचारलं, "आज रात्री घरी जाताना नाशिक रोडवर ट्रकने उडवलं तर कुठे जाल? तुमचा नवा जन्म कोणत्या तारखेला झाला?" यांना तारीख सांगता येईना. "ज्याला जन्मतारीख माहीत नाही तो जन्मलाच नाही," असं ऐकावं लागलं. तान्ह्या बाळावर शिंपडलेलं पाणी म्हणजे बाप्तिस्मा नव्हे, पंडिता रमाबाईंचंसुद्धा बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं तारण झालेलं नव्हतं, असंही सांगण्यात आलं. आता पुढच्या महिन्यात बुडवून बाप्तिस्मा ठरला आहे. आईने बोलणं टाकलं आहे. बायको विचारते, "मग लग्नही पुन्हा लावायचं का?" हे रोज पहाटे तीनला उठून समर्पणाची प्रार्थना म्हणतात, आणि एखादा शब्द चुकला की परत पहिल्यापासून. तारण नक्की झालं आहे हे कसं कळावं, आणि बाप्तिस्मा घ्यावा की नाही, हे त्यांचे दोन प्रश्न. शेवटी ता. क. म्हणून एक ओळ: "वडील शेवटच्या घटकेला प्रार्थना न करता चहा मागून गेले. त्यांचं काय झालं असेल?"

प्रिय भाऊ,

माझ्या आजीचा वाढदिवस १ जून. आजोबांचा १ जून. चुलत आजोबा दोन, दोघांचाही १ जूनच. आमच्या घराण्यात त्या दिवशी काही विशेष योग होता असं नाही. शाळेत नाव घालताना तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे, तुमच्याही घरात असं एखादं माणूस असेल. आजी खरी जन्मली प्लेगाच्या साली, ज्वारीच्या काढणीत. नेमका दिवस कुणी लिहून ठेवला नव्हता. तरी ती जन्मली आहे याविषयी तिच्या चार सुनांपैकी एकीलाही कधी शंका आली नाही.

नव्या जन्माची तारीख काही जणांना सांगता येते, आणि त्यांनी ती खुशाल सांगावी. पौलाला दिमिष्काच्या वाटेवरचा तो दिवस विसरणं शक्यच नव्हतं. पण तोच पौल तीमथ्याला पत्र लिहितो तेव्हा कोणत्या दिवसाची आठवण काढतो? दिवसाची नाहीच. तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण काढतो, आणि बालपणापासून तुला पवित्र शास्त्र ठाऊक आहे म्हणतो. तुमचं घर या वळणाचं आहे. तुमच्या फेलोशिपमधले बरेच जण पौलाच्या वाटेने आलेले असणार. व्यसनातून, कर्जातून, एका रात्रीत बाहेर पडलेले. आपण ज्या दारातून आलो तेच एक दार, असं त्यांना वाटणं मी समजू शकते. त्या दारातून न आलेल्याला "तू अजून बाहेरच आहेस" म्हणणं मात्र मला मान्य नाही.

आणि तारीख मिळाली की खात्रीही मिळते, असं तरी कुठे आहे? मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्याइतकी नेमकी वेळ क्वचितच कुणाला सांगता आली असेल. २४ मे १७३८, रात्री पावणेनऊच्या सुमारास, लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका सभेत कुणीतरी लूथरने रोमकरांस पत्राला लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं, आणि ती ऐकता ऐकता वेस्लींना आपल्या अंतःकरणात अनपेक्षित ऊब जाणवली. ख्रिस्तावर आपला भरवसा आहे, अशी खात्री त्यांना वाटली. तोवर पाळकपदाची दीक्षा घेऊन त्यांना दहा वर्षं होऊन गेली होती. आता पुढचं ऐका. आठ महिनेही उलटले नाहीत तोच, जानेवारी १७३९ मध्ये, हेच वेस्ली आपल्या रोजनिशीत लिहितात की मी ख्रिस्ती नाही. तारीख वहीत होती, तास-मिनिटासह होती, आणि तरी पायाखालची वाळू सरकली होती. पुढे पन्नास वर्षं ते घोड्यावरून आणि गाडीतून इंग्लंडभर फिरून प्रचार करत राहिले. तुम्ही तारीख मिळवण्यासाठी झुरताय, आणि ज्याला ती मिळाली होती तो दुसऱ्या टोकाला तुमच्यासारखाच जागा बसलाय.

आता रमाबाई. तुमच्या पुढाऱ्यांनी सांगितलं त्यातली घटना खरी आहे, म्हणून मी ती टाळणार नाही. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. १९०७ साली छापलेल्या साक्षीत त्यांनी स्वतःच लिहिलं की सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. एका इंग्रज पाळकाची आत्मकथा त्यांच्या वाचनात आली होती. तो आधी पाळक झाला, उपदेश करू लागला, आणि त्याच्या स्वतःच्या मनात उजेड पडला नंतर. ते वाचून त्या थबकल्या. पण त्यांचं म्हणणं नीट पाहा. तारण आपण धर्माकडून मिळेल असं धरून चाललो होतो, ही त्यांना आपली चूक वाटली. म्हणजे विधीकडून, सभासदत्वाकडून, योग्य शिकवण मान्य केल्याकडून. तुम्हाला हे उदाहरण दिलं गेलं ते दुसऱ्या विधीकडे नेण्यासाठी! पहिल्या पाण्यावर भरवसा ठेवू नका, आमच्या पाण्यावर ठेवा. दौंड लाइनवर केडगाव लागतं, तिथे मुक्ती मिशनच्या आवारात रमाबाईंनी पुढचं आयुष्य काढलं. तिथल्या एखाद्या जुन्या माणसाला हे सांगून बघा, काय म्हणतो.

आणखी एक गोष्ट त्या आठ वर्षांची. त्याच काळात, १८८९ मध्ये, मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. विधवा मुली तिथे शिकू लागल्या, पोटभर जेवू लागल्या. खात्री यायच्या आधीही देव त्या बाईच्या हातून काम करून घेत होता. तुमच्या आयुष्याची मागची चाळीस वर्षं रिकामी होती, ख्रिस्ताविना होती, असं जे तुम्ही पत्रात लिहिलंय ना, ते वाक्य मी तुमच्या जागी असते तर खोडलं असतं.

खात्रीबद्दल मंडळ्यांचं कधीच एकमत नव्हतं, हेही सांगून ठेवते, म्हणजे एकट्यालाच हे सुचत नाही असं वाटणार नाही. कॅथलिक मंडळीने १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत म्हटलं की खास प्रकटीकरण झाल्याशिवाय कुणी आपल्या तारणाबद्दल निःशंक खात्रीचा दावा करू नये, आशा मात्र दृढ ठेवावी. प्रॉटेस्टंटांनी उलट म्हटलं की खात्री मिळू शकते आणि ती शोधावी. पण त्यांच्यातल्याही कडक मंडळींनी, वेस्टमिन्स्टरला १६४६ मध्ये विश्वासाचं कबुलीपत्र लिहिताना, हे नोंदवून ठेवलं की ही खात्री म्हणजे विश्वासाचा अविभाज्य भाग नव्हे. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तिच्यासाठी दीर्घकाळ वाट पाहावी लागू शकते, झगडावं लागू शकतं. लक्षात घ्या, हे लिहिणारे सैल लोक नव्हते.

मग योहानाने पहिल्या पत्रात लिहिलंय त्याचं काय? तुम्हीच ते वचन पत्रात लिहिलंय: विश्वास ठेवणाऱ्यांना सार्वकालिक जीवन लाभलं आहे हे कळावं म्हणून हे लिहिलं. होय, 'कळावं' हाच शब्द आहे. पण ते पाचव्या अध्यायात येतं. आधीचे चार अध्याय उघडा. कळायचं कशावरून, ते योहान तिथे सांगतो, आणि त्यात तारीख कुठेच नाही. मरणातून जीवनात आलो हे आपल्याला कळतं, का, तर आपण भावांवर प्रेम करतो. म्हणून तुम्हाला उलट विचारते. या सहा महिन्यांत तुम्ही आईच्या जवळ गेलात की लांब? घरात कुणी आजारी पडलं तेव्हा तुम्ही होतात की सभेत होतात? मी आरोप करत नाही. उत्तर मला कळवायची गरज नाही.

आणि त्याच पत्रात, तिसऱ्या अध्यायात, अशी एक ओळ आहे की ती तुमच्या धंद्यातल्या माणसाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हा देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे. तुम्ही दिवसभर गो–नो गो गेज घेऊन बोअर, म्हणजे नगातलं भोक, तपासता. गो जायला पाहिजे, नो गो अडायला पाहिजे. एवढ्यावर माल पास किंवा रिजेक्ट. पण गेज फरशीवर पडलं तर? माझा भाचा चाकणला क्वालिटीतच आहे, तो सांगतो, पडलेलं गेज सरळ बाजूला ठेवायचं, कॅलिब्रेशन होऊन येईपर्यंत त्याने एकही नग तपासायचा नाही. नाहीतर चांगला लॉटसुद्धा रिजेक्टमध्ये जातो आणि दोष मालाचा वाटतो. भाऊ, दोन वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा तुमचं गेज हातातून पडलं आहे. आणि तुम्ही त्याच गेजने रोज पहाटे तीनला स्वतःचा विश्वास तपासताय.

त्या पहाटे तीनबद्दल जरा थांबून बोलते. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून, एका रात्रीत अकरा-बारा वेळा, आणि त्याआधी गॅसचा नॉब बंद आहे का ते बघायला दोन-तीनदा उठणं. हे तुम्ही एका ओळीत, ओझरतं लिहिलंय. मी डॉक्टर नाही. पण विचारांचा असा फेरा हा मनाचा आजार असू शकतो, आणि देवाधर्माची ओढ असलेल्या माणसात तो धर्माचा वेश घेऊन येतो. लूथर मठात असताना कबुलीला बसला की तास न् तास उठत नसे, उठल्यावर आणखी एखादं पाप आठवे. विश्वास कमी पडला म्हणून हे होत नाही, आणि प्रार्थना वाढवून ते थांबत नाही. जितकं तपासाल तितकी तपासायची तलफ वाढते. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ससूनमध्ये हा विभाग आहे, तुमच्या कंपनीच्या विम्यातल्या हॉस्पिटलातही असेल. पहिलं पाऊल म्हणून फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानसचा सरकारी नंबर १४४१६, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तोवर एक करा: रात्री झोपताना एकदाच, तोडक्यामोडक्या शब्दांत प्रार्थना म्हणा. चुकली तर चुकलेलीच राहू द्या. मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एकाच वाक्यात दोन्ही. येशूने त्याला वाक्य दुरुस्त करून परत म्हणायला लावलं नाही. मुलगा बरा झाला.

बाप्तिस्म्याचं उत्तर मी लवकर देते, कारण ते तितकं अवघड नाही. पुढच्या महिन्यात घेऊ नका. बुडवून बाप्तिस्मा चुकीचा आहे म्हणून नव्हे. आपल्याच चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, १९७० साली नागपूरला सहा मंडळ्या एक झाल्या तेव्हा, त्यांत बाप्टिस्टही होते आणि ब्रदरनही. मुलांचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी स्वतःच्या कबुलीने घेतलेला, दोन्ही तिथे मान्य आहेत. मान्य नाही ते एकाच माणसाला दोनदा देणं. कारण बाप्तिस्म्यात आपण देवाला दिलेल्या शब्दापेक्षा त्याने आपल्याला दिलेला शब्द महत्त्वाचा धरला आहे, आणि त्याने दिलेला शब्द जुना झाला म्हणून बदलायचा नसतो. तुमच्या बायकोने लग्नावरून जे विचारलं ते तुम्ही चेष्टा म्हणून कळवलंय. ती चेष्टा नाही. सगळ्या पत्रात तेवढा एकच नेमका धर्मशास्त्रीय मुद्दा आहे. आणि तुम्ही स्वतःच्या तोंडाने हो म्हणायचं राहिलंय असं वाटत असेल, तर सोळाव्या वर्षी कन्फर्मेशनला म्हटलंत. तेव्हा कळत नव्हतं? मग आता उपासनेत बाप्तिस्म्याच्या वचनांचं नूतनीकरण करता येतं, पाळकसाहेबांना विचारा.

वर्षभर थांबूनही, झोप लागायला लागल्यावरही, तुमचा विवेक म्हणाला की प्रौढपणीचा बाप्तिस्माच खरा, तर तुम्ही स्वतंत्र आहात. पण तेव्हा तो आज्ञापालन म्हणून घ्या. आज घेतलात तर तो ट्रकचा विमा होईल, आणि विम्याचं माहीतच आहे, पहिली पॉलिसी घेतली की दुसरी घ्यावीशी वाटते. पाण्यात नीट बुडालो ना, मनापासून होतं ना, डोकं पूर्ण आत गेलं ना… हे प्रश्न तुम्हाला दुसऱ्याच आठवड्यात पडतील, आणि गुरुजींनी टाकलेल्या १ जूनसारखी ती एक तारीख तेवढी कागदावर राहील.

पुढाऱ्यांना काय सांगायचं? "मी अजून तयार नाही, भीतीपोटी घेणार नाही," एवढंच. वाद घालू नका, वचनांची फेकाफेक करू नका. चांगला पाळक असेल तर तो म्हणेल, थांबा. "थांबलात आणि मेलात तर?" असं म्हणाला तर त्या माणसाने तुम्हाला ख्रिस्ताऐवजी ट्रक दाखवलाय, हे ध्यानात घ्या. अशा सभेत बसून घरी जाताना हातपाय गार पडत असतील, तर ही ओळ वाचणाऱ्या इतरांसाठीही सांगते: काही आठवडे जाऊ नका आणि झोप कशी लागते ते बघा.

पण एक कबूल करायला हवं, आणि ते आम्हा जुन्या देवालयवाल्यांना झोंबणारं आहे. तुमच्या वडिलांच्या खाटेशी रात्री कोण बसलं? फेलोशिपमधले भाऊ. तुमच्या आत्म्याचं कसं चाललंय, हे चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं? त्यांनीच. आम्ही वार्षिक वर्गणी विचारतो, नाताळच्या कॅरलला याल का विचारतो, पाळकसाहेबांची बदली झाली की गटबाजी करतो. ते भाऊ तुमचे ऋणानुबंधी आहेत. त्यांच्याशी नातं तोडू नका. नाश्त्याला घरी बोलवा, आईच्या हातचं खायला घाला.

आता ता. क.

या पुण्यात चहावरून धर्म बुडतो की तरतो, हा वाद जुना आहे. १८९० मध्ये गुरुवारातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे आणि आणखी बड्या मंडळींसमोर चहा आला, त्यांची नावं छापून आली, आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. मी त्याच भागात वाढले, त्यामुळे कुणी चहाच्या कपावर कुणाचा परलोक ठरवू लागलं की मला आधी हसूच येतं. तुमच्या बाबतीत मात्र हसू आलं नाही.

तुम्ही लिहिलंय की नर्सने नको म्हटलं, तोंडाने काही द्यायचं नव्हतं. तुम्ही ओलं फडकं ओठांना लावलंत, आणि ते म्हणाले, "थोडा बशीत ओत." मग दहा-पंधरा मिनिटांत गेले. त्यांनी "प्रभू, मला घे" म्हणायला हवं होतं असं तुम्हाला वाटतं. भाऊ, योहानाच्या शुभवर्तमानात एकोणिसावा अध्याय आहे. वधस्तंभावर येशूने शेवटी शेवटी जे म्हटलं, त्यात हेही होतं: मला तहान लागली आहे. मरणाऱ्याचा घसा कोरडा पडतो. देवाच्या पुत्राचाही पडला. आंबेने, म्हणजे आंबट द्राक्षारसाने, भिजवलेला स्पंज कुणीतरी त्याच्या ओठांना लावला होता, जसं तुम्ही फडकं लावलंत.

वडिलांचा निकाल मी देणार नाही. तो माझ्या हातात नाही, तुमच्या पुढाऱ्यांच्या नाही, आणि सुदैवाने तुमच्याही नाही. पण शेवटच्या वाक्यावर माणूस तोलायचा नियम मला कुठल्या शास्त्रात सापडलेला नाही. तुम्हीच लिहिलंय की तीस वर्षं ते दर रविवारी उपासनेच्या तासभर आधी जाऊन बाकं पुसायचे, कुणी सांगितलं नव्हतं तरी, आणि पावसाळ्यात गळतीखाली बादली ठेवून यायचे. त्यांनी साक्ष कधी दिली नाही. दर आठवड्याला फडकं मात्र धुऊन नेलं.

या रविवारी एक करा. फेलोशिपला नको, खडकीलाही उपासनेसाठीच जा असं नाही. उपासना सुटल्यावर जा, आईला सोबत घेऊन. ती बोलत नसली तरी रिक्षात बसेल. पाळकसाहेबांना आधी फोन करून बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर काढून ठेवायला सांगा. तुमच्या सालाचं पान उघडा. तुमचं नाव असेल, तारीख असेल, शाई थोडी तपकिरी झालेली असेल, आणि वडिलांच्या नावाशेजारी त्यांचा तेव्हाचा धंदा लिहिलेला असेल. ते पान आईपुढे सरकवा आणि विचारा, त्या दिवशी मला हातात कोणी धरलं होतं, मी रडलो होतो का. मग ती काय सांगते ते ऐका.